मोहोळाची सभा

पुष्कळांनीं मिळून एक निर्णय घ्यावयाचा, आणि तो वेळेवर व बिनचूक घ्यावयाचा, ही गोष्ट किती अवघड आहे हें कोणत्याहि सार्वजनिक मंडळाच्या सभेस हजर राहिलेल्या मनुष्यास सांगावयास नको. चार माणसें एकत्र आलीं कीं आठ मतें निघतात. मग एक तर मोठ्या आवाजाचा एखादा गृहस्थ आपलें म्हणणें सर्वांच्या गळीं उतरवितो, किंवा वाद लांबत जाऊन मूळ कामच राहून जातें. म्हणूनच समाज म्हटला कीं त्याला राजा, नायक किंवा पुढारी हवाच, अशी मनुष्याची फार जुनी समजूत आहे. ही समजूत त्यानें आपल्यापुरतीच ठेवली नाहीं. हत्तींच्या कळपांत, वानरांच्या टोळींत आणि मधमाशांच्या मोहोळांतहि त्यानें राजा पाहिला. यांपैकीं मोहोळाची कथा विशेष उद्बोधक आहे. तेथें राजा शोधण्यांत दोन हजारांहून अधिक वर्षें गेलीं, आणि अखेर जें हातीं लागलें तें राज्य नव्हतें, ती एक सभा होती.

ख्रिस्तपूर्व चवथ्या शतकांत ग्रीक तत्त्ववेत्ता आरिस्टॉटल यानें मधमाशांचें बारकाईनें वर्णन केलें. चारा घेऊन परतलेल्या माशीच्या मागोमाग तीन-चार माशा बाहेर पडतात, ही गोष्टहि त्याच्या लेखनांत नमूद आहे. परंतु पोळ्यांतील त्या एका लांबट, मोठ्या माशीला त्यानें ‘राजा’च मानलें. रोमन कवि व्हर्जिल यानें आपल्या शेतीविषयक काव्याच्या चवथ्या भागांत या राजाचें आणि त्याच्या प्रजेच्या एकनिष्ठेचें वर्णन केलें. आणि पुढें शतकानुशतकें युरोपांतील राजभक्तांना मोहोळ हा एक आवडता दाखला होऊन बसला. १६०९ सालीं इंग्लंडमधील चार्ल्स बटलर या धर्मोपदेशकानें मोहोळ हें स्त्रीराज्य आहे असें प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. एलिझाबेथ राणीची दीर्घ कारकीर्द संपून तेव्हां अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. राजाच्या जागीं राणी ही कल्पना इंग्रज वाचकांस फारशी जड गेली नसावी. त्याच शतकांत हॉलंडमधील यान स्वामरडॅम यानें सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें या ‘राजा’चें विच्छेदन केलें आणि त्याच्या उदरांतील अंडाशय दाखवून दिले. राजा म्हणून जिची पूजा झाली ती आई ठरली.

जिनीव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर याची कथा तर विलक्षणच आहे. तरुण वयांतच या गृहस्थाची दृष्टि गेली. पुढें ब्यूर्नेन्स नांवाच्या आपल्या सेवकाच्या डोळ्यांनीं त्यानें मधमाशा पाहिल्या. धनी प्रश्न काढी आणि प्रयोग योजी. सेवक पाही, मोजी आणि सांगे. १७९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्यूबरच्या ग्रंथानें मधमाशांविषयींच्या पुष्कळ जुन्या भ्रमांचा निरास केला. राणीचा नराशीं संयोग पोळ्यांत होत नसून बाहेर हवेंत होतो, हें त्यानेंच दाखविलें. अशा रीतीनें राणी अंडीं घालते एवढें निश्चित झालें. पण ती हुकूम सोडते असें मात्र कोणालाहि, कधींहि दिसलें नाहीं. मग हजारों माशा एका विचारानें वागतात त्या कशा? १९०१ सालीं बेल्जियन साहित्यिक मॉरिस मेटरलिंक यानें या कोड्याला ‘मोहोळाचा आत्मा’ असें सुंदर नांव दिलें. परंतु कोड्याला नांव देणें म्हणजे तें सोडविणें नव्हे.

हें कोडें सर्वांत बिकट होतें तें थवा उठण्याच्या वेळीं. युरोप-अमेरिकेंत वसंताच्या अखेरीस, भरभराटीस आलेल्या पोळ्यांतून जुनी राणी आणि सुमारें दोन-तृतीयांश कामकरी माशा बाहेर पडतात. बांधलेलें घर आणि सांठविलेला मध नव्या राणीसाठीं मागें राहतो. दहा-एक हजार माशांचा हा घोळका जवळच्याच एखाद्या फांदीवर दाढीसारखा लोंबत राहतो. येथून पुढें कांहीं तासांत, फार तर कांहीं दिवसांत, त्यांना नवें घर शोधावयाचें असतें. ऊन-पावसापासून आडोसा नाहीं, आणि शिदोरी म्हणाल तर निघतांना पोटांत भरून घेतलेला मध काय तो. घर लहान मिळालें तर हिवाळ्यापुरता मध सांठणार नाहीं; दार मोठें असलें तर थंडी आणि शत्रु आंत शिरतील. न्यू यॉर्क राज्यांतील इथाका गांवाच्या परिसरांत केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, अशा नव्यानें बसलेल्या चार थव्यांपैकीं सुमारें एकच पहिला हिवाळा पार पाडतो. म्हणजे हा निर्णय जीवनमरणाचा आहे. आणि राणी एकच असल्यामुळें सर्वांनीं मिळून एकच घर निवडलें पाहिजे. तें निवडतें कोण?

या प्रश्नाच्या उत्तराची वाट कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञानें पाडली. १८८६ सालीं व्हिएन्ना येथें जन्मलेल्या फ्रिश यांनीं मधमाशांना रंग ओळखतां येतात हें सिद्ध करून तरुणपणींच नांव मिळविलें होतें. १९१९ सालीं म्यूनिक येथील प्राणिशास्त्र संस्थेच्या अंगणांत त्यांनीं एका बशींत साखरेचें पाणी ठेवलें, तेथें आलेल्या माशांना रंगाचे ठिपके दिले, आणि कांच लावलेल्या पोळ्यापाशीं बसून ते पाहूं लागले. परत आलेली माशी पोळ्यावर गोल गोल फिरून नाचूं लागली. भोंवतालच्या माशांत खळबळ उडाली आणि त्या बशीकडे धांवल्या. मधमाशांना एक बोली आहे, असें फ्रिश यांच्या मनानें घेतलें. गोल नाच म्हणजे मकरंदाची बातमी आणि पोट हालवीत केलेला दुसरा नाच म्हणजे परागाची बातमी, असा अर्थ त्यांनीं आरंभीं लावला. हा अर्थ अपुरा आहे हें कळून येण्यास पाव शतक लागलें, आणि तें कळल्यावर त्यांनींच तो मोकळ्या मनानें दुरुस्त केला.

तें पाव शतक सुखाचें नव्हतें. जर्मनींत नाझी सत्ता आली आणि प्राध्यापकांच्या वंशावळींची झडती सुरू झाली. फ्रिश यांची आजी ज्यू कुळांतील होती. १९४१ च्या जानेवारींत, त्यांना नोकरींतून दूर करण्यांत येईल असें सरकारी पत्र आलें. त्यांना वांचविलें तें मधमाशांनींच. नोसेमा नांवाच्या आंतड्याच्या रोगानें त्या सुमारास जर्मनींतील लाखों पोळीं नष्ट होत होतीं. युद्धाच्या ऐन धामधुमींत फळबागांची आणि मधाची काळजी लागलेल्या अन्नखात्यानें या रोगाच्या संशोधनाचें काम फ्रिश यांच्याकडे सोंपविलें, आणि त्यांची बडतर्फी युद्ध संपेपर्यंत लांबणीवर पडली. १९४४ मध्यें बाँबहल्ल्यांत म्यूनिकची संस्था उद्ध्वस्त झाली. फ्रिश यांनीं ऑस्ट्रियांत ब्रुनविंकल येथें, एका सरोवराच्या कांठच्या आपल्या जुन्या घरीं, काम चालू ठेवलें. आणि तेथें १९४४ व १९४५ च्या उन्हाळ्यांत त्यांना या बोलीचें मर्म उलगडलें.

दूरच्या चाऱ्यावरून आलेली माशी सरळ रेषेंत पोट हालवीत धांवते, वळसा घेऊन परत येते आणि पुन्हां धांवते. ही सरळ धांव जितका अधिक वेळ चालेल, तितका चारा दूर. उभ्या पोळ्यावर ती सरळ वरच्या बाजूस असली तर चारा सूर्याच्या दिशेस. आणि ती जितक्या कोनानें डावीकडे वा उजवीकडे कललेली असेल, तितक्याच कोनानें चारा सूर्याच्या डावीकडे वा उजवीकडे. अंधाऱ्या पोळ्यांत नाचणारी माशी न दिसणाऱ्या सूर्याच्या आधारें दिशा सांगते, हें ऐकून पुष्कळ शास्त्रज्ञांना खरें वाटेना. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या मताविरुद्ध मोठा वाद माजला. नाचाचा अनुवाद करणाऱ्यांची बाजू पुढें अनेक प्रयोगांनीं बळकट केली. २००५ सालीं इंग्लंडमध्यें माशांच्या पाठीवर सूक्ष्म तार बसवून रडार यंत्रानें त्यांचा मार्ग टिपण्यांत आला, तेव्हां नाच पाहून निघालेली माशी सांगितलेल्या रोखानेंच उडते हें उघड दिसलें. त्याच्या पुष्कळच आधीं, १९७३ सालीं, फ्रिश यांना कोनराड लोरेन्झ व निकोलास टिनबर्गन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें होतें.

फ्रिश यांनीं चाऱ्याची भाषा वाचली. घराच्या निर्णयापर्यंत पोंचले ते त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउर. बव्हेरियांतील एका शेतकऱ्याच्या पंधरा मुलांपैकीं हे एक. १९४२ मध्यें रशियन आघाडीवर जबर जखमी होऊन ते म्यूनिकला आले. उपचार चालू असतां एका डॉक्टरानें त्यांना विद्यापीठांत जाऊन फ्रिश यांचें व्याख्यान ऐकण्यास सुचविलें. विध्वंसाच्या जगांतून आलेल्या त्या तरुण सैनिकाला निर्मितीचें दुसरें एक जग तेथें दिसलें, आणि त्यानें आपलें आयुष्य मधमाशांच्या अभ्यासास वाहिलें.

१९४९ च्या वसंतांत, म्यूनिकच्या संस्थेबाहेर एका झुडपावर लोंबणारा थवा लिंडाउर यांच्या दृष्टीस पडला. थव्याच्या अंगावर कांहीं माशा तोच परिचित नाच करीत होत्या. चाऱ्याची बातमी आणणाऱ्या माशीच्या पायांना पुष्कळदां परागाचे गोळे चिकटलेले असतात. या माशांजवळ पराग नव्हता. उलट त्या मळलेल्या होत्या. कोणी काजळीनें काळी झालेली, कोणी विटांच्या भुकटीनें तांबडी, तर कोणी पिठानें पांढरी. म्यूनिक शहर अजून युद्धाच्या जखमांतून उठावयाचें होतें. धुरांड्यांना आणि पडक्या भिंतींच्या भगदाडांना तेथें तोटा नव्हता. या माशा तेथूनच हिंडून आल्या असाव्यात, आणि त्या चाऱ्याच्या नव्हे, घराच्या शोधांत असाव्यात, अशी शंका लिंडाउर यांच्या मनांत आली. त्या थव्याच्या टेहळ्या होत्या.

पुढील कांहीं वर्षें त्यांनीं एकेका थव्यापाशीं दिवसच्या दिवस बैठक मारली. नाचणाऱ्या प्रत्येक माशीला रंगाचा ठिपका द्यावयाचा, तिच्या नाचावरून ती कोणती जागा सांगते हें टिपावयाचें, आणि तें नकाशावर मांडावयाचें, असा त्यांचा क्रम असे. आरंभीं निरनिराळ्या टेहळ्या निरनिराळ्या अनेक जागांची शिफारस करीत. हळूहळू एका जागेचा पक्ष वाढे आणि इतर पक्ष ओसरत. अखेरीस बहुतेक सर्व नाच एकाच दिशेचे आणि एकाच अंतराचे होऊं लागले कीं, थोड्याच वेळांत थवा उठून थेट त्या जागीं जाई. हें वाचन इतकें बिनचूक उतरे कीं, थवा हलण्यापूर्वींच त्याचें भावी घर लिंडाउर यांनीं शोधून काढल्याचे प्रसंग आहेत.

त्यांनीं तपशीलवार पाहिलेल्या १९ थव्यांपैकीं १७ थव्यांत असें एकमत झालें. उरलेल्या दोहोंची गोष्ट करुण आहे. एका थव्यांत दोन पक्ष तुल्यबळ निघाले. एक वायव्येकडील जागा सांगे, दुसरा ईशान्येकडील. कोणीच मागें हटेना. थवा उठला, हवेंत त्याचे दोन भाग झाले, बराच वेळ ओढाताण झाली, आणि तो पुन्हां खालीं बसला तेव्हां राणी नाहींशी झाली होती. दुसऱ्या थव्याला घर ठरवितांच आलें नाहीं. त्यानें उघड्यावरच पोळें बांधावयास आरंभ केला. जर्मनीच्या हिवाळ्यांत उघडें पोळें म्हणजे मृत्यूच. १९५५ सालीं लिंडाउर यांनीं हीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. या सर्व घडामोडींत राणी काय करीत होती, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. ती कांहींच करीत नव्हती. घोळक्याच्या आंत ती निमूटपणें बसून होती.

त्याच दशकांत लिंडाउर तेव्हांच्या सिलोनमध्यें येऊन राहिले आणि आपल्या इकडील मधमाशांची बोली त्यांनीं अभ्यासली. उंच झाडांवर आणि कड्यांवर मोठें थोरलें पोळें लावणारी आग्या, झाडाच्या ढोलींत राहणारी सातेरी, आणि झुडपांत तळहाताएवढें पोळें लावणारी इवलीशी फुलोरी या महाराष्ट्राच्या ओळखीच्याच जाति आहेत. यांपैकीं फुलोरी आपल्या उघड्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते, आणि तिची सरळ धांव थेट चाऱ्याच्या दिशेस बोट दाखविते. उभ्या पोळ्यावर ‘वर म्हणजे सूर्य’ असा संकेत तिच्यापाशीं नाहीं. सातेरीपाशीं तो आहे, म्हणून तिला अंधाऱ्या ढोलींतहि बोलतां येतें. उघड्यावरच्या साध्या खुणेपासून अंधाऱ्या घरांतल्या या संकेतापर्यंत बोलीची वाढ पायरीपायरीनें झाली असावी, असें अनुमान यावरून निघालें.

मोहोळाची सभा भरते, हें लिंडाउर यांनीं दाखविलें. ती सभा योग्य निर्णय घेते काय, आणि तिच्यांतला वाद मिटतो कसा, हे दोन प्रश्न मात्र शिल्लक राहिले. ते थॉमस सीली या अमेरिकन शास्त्रज्ञानें हातीं घेतले. मधमाशांना आदर्श घर कोणतें वाटतें हें प्रथम कळावयास हवें होतें. म्हणून १९७० नंतरच्या दशकांत सीली यांनीं इथाकाच्या रानांतील, मधमाशांनीं वसलेलीं २१ झाडें पाडून त्यांच्या ढोल्या मोजल्या. सामान्यतः ढोलींत सुमारें ४५ लिटर मावतील एवढी जागा, दार लहान आणि ढोलीच्या तळाजवळ, असें त्यांना आढळलें. मग निरनिराळ्या मापांच्या लांकडी पेट्या मांडून त्यांनीं माशांची आवड पारखली. १० लिटरची पेटी त्यांना अपुरी वाटे, १०० लिटरची फार मोठी, आणि ४० लिटरची मनाजोगी.

पुढची परीक्षा त्यांनीं मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील अ‍ॅपलडोर या खडकाळ बेटावर घेतली. ढोली असलेलीं मोठीं झाडें तेथें जवळजवळ नाहींतच. तेव्हां थव्याला संशोधकानें मांडलेल्या पेट्यांपैकींच एक निवडणें भाग पडे. पांच पेट्यांपैकीं एकच ४० लिटरची, बाकी चार १५ लिटरच्या, असा मेळ घालून थवा सोडला. पांच थव्यांपैकीं चार थव्यांनीं तीच एक उत्तम पेटी निवडली. यांतील आश्चर्य असें कीं, बहुतेक टेहळ्या आपल्या आयुष्यांत एकच जागा पाहतात. पांचहि जागा पाहून तुलना करणारी माशी थव्यांत नसते. तुलना होते ती सभेंत.

ती कशी होते याचा उलगडा सीली व त्यांचे सहकारी कर्क व्हिशर यांनीं केला. दहा हजारांच्या थव्यांत टेहळ्या असतात अवघ्या कांहीं शेंकडा, आणि त्या बहुधा वयस्क व अनुभवी माशा असतात. जागा सांपडली कीं टेहळी तिच्यांत अर्धा-पाऊण तास हिंडते, भिंतींवरून चालते, आंत-बाहेर करते, आणि परत येऊन जागेच्या योग्यतेप्रमाणें कमी-अधिक वेळ नाचते. तो नाच पाहिलेली दुसरी टेहळी त्यावर विश्वास ठेवून लगेच नाचूं लागत नाहीं. ती स्वतः तेथें जाते, स्वतः पाहते आणि मगच नाचते. ऐकीव माहितीवर मत देण्याची चाल मोहोळांत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. जागा कितीहि चांगली असली तरी टेहळीचा उत्साह फेरीगणिक कमी होत जातो. दर फेरीस तिच्या नाचांतील सुमारें १५ धांवा घटतात, आणि अखेर ती नाचणें सोडून देते. समजा, उत्तम जागेची टेहळी पहिल्या फेरीस ९० धांवा नाचली, तर ती पुढें ७५, ६०, ४५, ३० आणि १५ अशा मिळून ३१५ धांवा नाचेल. मध्यम जागेची टेहळी ३० पासून आरंभ करील आणि १५ नंतर थांबेल, म्हणजे एकंदर ४५. आरंभींचा तिपटीचा फरक अखेरीस सातपट होतो. विरुद्ध पक्षाच्या टेहळ्या दुसरी जागा पाहून मन बदलीत असाव्यात, असें लिंडाउर यांना वाटे. सीली यांना दिसलें तें वेगळें. बहुतेक टेहळ्या पक्ष बदलीत नाहींत. त्या आपलें म्हणणें मांडून स्वस्थ बसतात, आणि सभा पुढें नव्यानें येणाऱ्या टेहळ्यांच्या साक्षीवर चालते. हट्ट नसल्यामुळें वाद तुटेपर्यंत ताणला जात नाहीं.

वाद संपला हें थव्यास कळतें कसें? सर्व नाच एका जागेचे होण्याची वाट पाहिली जात असावी, असा पूर्वीं समज होता. प्रत्यक्षांत निर्णय थव्यापाशीं होत नसून त्या नव्या घरापाशीं होतो. तेथें एकाच वेळीं सुमारें २० ते ३० टेहळ्या जमल्या म्हणजे सभेची गणपूर्ति झाली असें समजावें. सीली व व्हिशर यांनीं पांच सारख्याच उत्तम पेट्या शेजारीशेजारी ठेवून टेहळ्यांची विभागणी केली, तेव्हां थव्याचें निघणें लांबलें. कारण कोणत्याहि एका दारीं पुरेशी गर्दी जमेना. गणपूर्ति झाली कीं टेहळ्या परत येऊन थव्यांत शिरतात आणि पिपाणीसारखा बारीक आवाज काढूं लागतात. तो ऐकून इतर माशा आपल्या पंखांचे स्नायु ३५ अंशांपर्यंत तापवितात, आणि सर्व सिद्ध झाल्या म्हणजे थवा एकदम उठतो. त्या हजारोंपैकीं नवें घर पाहिलेल्या शेंकडा पांचहि नसतात. या थोड्या माशा थव्याच्या वरच्या बाजूनें वेगानें पुढें धांवून वाट दाखवितात, आणि बाकीच्या त्यांच्या रोखानें जातात.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या सभेचें आणखी एक अंग उघडें केलें. एका पक्षाच्या टेहळ्या दुसऱ्या पक्षाच्या नाचणारणीला डोक्यानें हलकी धडक देऊन क्षणभर गुणगुणतात. ही थांबण्याची सूचना असते. दोन जागा अगदीं सारख्या असल्या म्हणजे सभा अडून बसूं नये, यासाठीं या सूचनेचा उपयोग होतो. मेंदूंतील ज्ञानतंतूंचे समूहहि निर्णय घेतांना एकमेकांना याच रीतीनें आवरतात. एका माशीचा मेंदू मोहरीएवढाहि नसतो. परंतु त्या सर्व मिळून जणूं एका मोठ्या मेंदूचें काम करतात.

ही रीति मधमाशांपुरतीच नाहीं. दगडांच्या फटींत राहणाऱ्या कांहीं चिमुकल्या मुंग्या घर बदलतांना आरंभीं एकेकीला हळूहळू वाट दाखवून नेतात. नव्या जागीं ठराविक संख्या जमली कीं मग बाकीच्यांना सरळ उचलून नेऊं लागतात. केनियांतील बबून वानरांच्या एका टोळीच्या गळ्यांत स्थान टिपणारीं यंत्रें बांधून केलेला अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. टोळी तिच्यांतल्या दांडग्या नराच्या मागें जाते, हा समज त्यांत टिकला नाहीं. ज्या दिशेस अधिक वानर निघत तिकडे टोळी वळे. आणि दोन दिशांमधील कोन लहान असला तर ती मधली वाट धरी. जेथें जेथें मनुष्यानें राजा कल्पिला होता, तेथें तेथें नीट पाहिलें असतां पुष्कळांचीं मतें मोजण्याची कांहीं ना कांहीं युक्ति आढळूं लागली आहे.

यांतून मनुष्यानें धडा घ्यावा काय? सीली यांनीं कॉर्नेल विद्यापीठांत आपल्या विभागाचे प्रमुख असतांना सभा चालविण्यास मोहोळाचे कांहीं नियम वापरून पाहिले: प्रमुखानें आरंभींच आपलें मत सांगूं नये, शक्य तितके पर्याय पुढें येऊं द्यावेत, आणि मतदान गुप्त असावें. हे नियम शहाणपणाचे आहेत यांत संशय नाहीं. तथापि मोहोळ आणि मनुष्यसमाज यांत एक मोठा भेद आहे, तो विसरून चालणार नाहीं. थव्यांतील प्रत्येक माशीचें हित एकच असतें. घर चांगलें मिळालें तर सर्व जगतील, वाईट मिळालें तर सर्व मरतील. म्हणून तेथें टेहळीला खोटें बोलण्याचें कारण नाहीं, आणि हरलेल्या पक्षाचें कांहीं बुडत नाहीं. मनुष्याच्या सभेंत प्रत्येकाचें घर वेगळें असतें. जुन्या लोकांनीं राजेशाहीचें समर्थन मोहोळावरून केलें. तसेंच आजच्यांनीं लोकशाहीचें समर्थन मोहोळावरून केलें, तर ती पुन्हां तीच चूक होईल. मनुष्यास मतस्वातंत्र्य हवें तें तो मनुष्य आहे म्हणून हवें. त्यासाठीं माशीची साक्ष नको.

पण एवढें म्हणतां येईल. पांचामुखीं परमेश्वर, असें आपल्याकडे म्हणतात. तीं पांच मुखें परमेश्वराचीं केव्हां होतात, हें मोहोळाच्या सभेवरून थोडेंसें कळतें. बोलणाऱ्यानें बोलण्यापूर्वीं स्वतः जाऊन पाहिलेलें असावें. जेवढें पाहिलें तेवढ्याच जोरानें सांगावें. आणि सांगून झाल्यावर दुसऱ्यास जागा द्यावी. ज्या थव्यांत कोणीच मागें हटलें नाहीं, त्याची राणी हवेंतच नाहींशी झाली.